मकरेतली गुरू-शनी युती, मिथुन लग्न, अष्टमस्थान: नीचभंग धरायचा का?

लग्नी_मिथुन (प्रश्न)

अभ्यासासाठी मांडलेली पत्रिका आहे. जन्म २२ डिसेंबर २०२०, संध्याकाळी ६.४०, पुणे. चित्रापक्ष अयनांश (राशींची सुरुवात आकाशात कुठून धरायची याची एक पद्धत). लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास; तिथून बारा स्थानं मोजतात) मिथुन, साधारण राशीच्या मध्यावर.

अष्टमात मकरेत गुरू ६°३१' आणि शनी ६°२६'. सप्तमात धनूत रवी-बुध. दशमात मीनेत चंद्र (१३ अंशांच्या आसपास, उत्तराभाद्रपदा) आणि मंगळ राशीच्या शेवटच्या अंशात. षष्ठात वृश्चिकेत शुक्र-केतू, व्ययात (बाराव्यात) वृषभेत राहू.

एका ठिकाणी वाचलं की नवमेश-दशमेश (नवव्या आणि दहाव्या स्थानांचे स्वामी) एकत्र म्हणजे धर्मकर्माधिपती राजयोग, वर गुरूचा नीचभंग (नीच म्हणजे सर्वात दुबळ्या राशीत असण्याचा दोष रद्द होणं), मग काय बघायचं! दुसरीकडे वाचलं की अष्टमात नीच गुरू आणि जोडीला शनी, त्यामुळे शांती करून घ्या. ग्रहयुद्धाचाही (अगदी जवळ आलेल्या दोन ग्रहांत विजयी कोण याचा) घोळ आहे. एका सॉफ्टवेअरमध्ये शनी विजयी दाखवतं, दुसऱ्यात गुरू. युती वाचायला नेमकी कुठून सुरुवात करायची? आणि फळ कधी दिसायचं?

---

गणितवाला

आधी अंश पक्के करू, फलिताकडे नंतर वळू.

ही युती पूर्ण झाली २१ डिसेंबर २०२० ला, भारतीय वेळेनुसार रात्री उशिरा. तेव्हा दोघे मकर ६°२१' च्या आसपास होते आणि आकाशात त्यांच्यातलं अंतर जेमतेम ६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्श्याइतकं. गुरू दिवसाला साधारण साडेतेरा कला चालत होता, शनी सात. म्हणून तुमच्या पत्रिकेत गुरू पाच कला पुढे गेलेला दिसतो. युती होऊन गेली आहे, ग्रह एकमेकांपासून सुटायला लागलेत. तरी अंतर एका अंशाच्या आत असल्याने ग्रहयुद्ध आहेच.

तुमच्या सॉफ्टवेअरांचं भांडण इथून येतं: बरेच प्रोग्रॅम फक्त राशीतले अंश बघतात आणि ज्याचे अंश कमी त्याला विजयी ठरवतात. तो नियम लावला तर २० तारखेला गुरू जिंकतो आणि २२ ला शनी. काही प्रोग्रॅम शर (क्रांतिवृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) बघतात आणि उत्तरेकडच्याला विजय देतात. त्या वेळी शनी गुरूच्या उत्तरेला होता, म्हणजे पुन्हा शनी. पण वराहमिहिराने बृहत्संहितेच्या ग्रहयुद्धाच्या अध्यायात दक्षिणेला असणं हे पराभवाचं एक लक्षण सांगितलं असलं, तरी मोठा, स्निग्ध आणि तेजस्वी ग्रह दक्षिणेला असूनही विजयी असं स्पष्ट म्हटलं आहे. त्या संध्याकाळी पश्चिमेला ज्यांनी पाहिलं त्यांना कोण तेजस्वी होता हे सांगायची गरज नाही. गुरू शनीच्या कित्येक पट ठळक होता. माझ्या मते इथे गुरू पराभूत धरू नये.

नवांश (राशीचा नववा भाग) बघा. मकर चर रास, त्यामुळे नवांश मकरेपासूनच सुरू होतात. ३°२०' ते ६°४०' हा दुसरा नवांश, कुंभ. नक्षत्र उत्तराषाढा, तिसरा चरण. दोघेही कुंभ नवांशात, म्हणजे राशीतही शनीचं घर आणि नवांशातही शनीचं. पण गुरू ६°४०' च्या अगदी काठावर आहे. २३ तारखेला तो मीन नवांशात गेला आणि शनी मात्र कुंभेतच राहिला. एका दिवसाच्या फरकाने जन्मलेल्या दोन मुलांच्या राशीकुंडल्या दिसायला सारख्याच, पण नवांशात एकाचा गुरू शनीच्या घरी आणि दुसऱ्याचा स्वतःच्या घरी.

याच कारणाने अयनांश कोणता ते प्रत्येक वेळी लिहीत जा. रामन अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे दीड अंशाने कमी. तो घेतला तर तुमचा गुरू आठ अंशांजवळ जाऊन थेट मीन नवांशात पडतो. टिळक पंचांगाच्या रैवत पक्षाने तर फरक चार अंशांच्या जवळ जातो. गुरू उत्तराषाढा ओलांडून श्रवणाच्या तोंडाशी येतो आणि चंद्र रेवतीच्या सीमेवर. घरात दाते आणि टिळक दोन्ही पंचांगं असली की दोन पत्रिका तयार होतात आणि मग लोक ज्योतिष खोटं म्हणतात. एक पक्ष धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

अस्ताचा (रवीच्या जवळ येऊन ग्रह झाकला जाण्याचा) प्रश्न इथे नाही. रवी धनूच्या सातव्या अंशाजवळ, गुरू-शनी तिथून जवळजवळ ३० अंश पुढे. गुरूची अस्तमर्यादा ११, शनीची १५. बुधाकडे मात्र लक्ष द्या. तो रवीपासून दोन-तीन अंशांवर आहे आणि तुमचा लग्नेश आहे. गुरूचा नीचभंग शोधण्याच्या नादात लग्नेश अस्तंगत आहे हे लोक विसरतात.

---

भावेश_मंडळी

गणित झालं, आता भावाधिपत्य (कोणता ग्रह कोणत्या स्थानाचा स्वामी).

मिथुन लग्नाला गुरू सप्तमेश आणि दशमेश. दोन केंद्रांचा (केंद्र म्हणजे १, ४, ७, १० ही स्थानं) मालक असलेला नैसर्गिक शुभ ग्रह, म्हणजे केंद्राधिपत्याचा दोष. शिवाय द्विस्वभाव लग्नाला सप्तमेश बाधक (अडथळे आणणारा) आणि सप्तम मारकस्थानही (आयुष्याला घातक). शनी अष्टमेश आणि नवमेश, पैकी त्याची मूलत्रिकोण रास (ग्रहाला विशेष बळ देणारी) कुंभ नवमात. म्हणून शनीला नवमेश म्हणून जास्त वजन देतात. आता तो बसलाय अष्टमात, स्वराशीत.

नवमेश-दशमेश युती कागदावर आहे. पण पाराशरी परंपरेत मेष आणि मिथुन या दोन लग्नांना गुरू-शनीची नुसती युती शुभ फळ देत नाही, असं वेगळं सांगितलं आहे. कारण उघड आहे. मेषेला गुरूकडे नवमाबरोबर व्यय येतं, शनीकडे दशमाबरोबर लाभ (अकरावं). मिथुनेला गुरूकडे दशमाबरोबर मारक-बाधक, शनीकडे नवमाबरोबर अष्टम. चांगला मालकी हक्क आणि वाईट मालकी हक्क एकाच गाठोड्यात येतात. त्यात ही युती अष्टमात, तेव्हा 'मोठा अधिकारी होणार' वगैरे खोडून टाका.

नीचभंगाच्या अटी एकेक लावू.

नीच राशीचा स्वामी शनी. तो लग्नापासून अष्टमात, चंद्रापासून लाभात. दोन्हीकडून केंद्रात नाही, त्यामुळे ही अट लागत नाही. पण तो स्वराशीत आणि नीच ग्रहाबरोबरच बसलाय, हे बहुतेक ज्योतिषी भंग म्हणून धरतात.

गुरूची उच्च रास कर्क, तिचा स्वामी चंद्र. तो लग्नापासून दशमात. अट पूर्ण.

मकरेत उच्च होणारा ग्रह मंगळ. तोही दशमात, चंद्राबरोबर. अट पूर्ण. फक्त मंगळ मीनेच्या शेवटच्या अंशात आहे, २४ तारखेला तो मेषेत गेला. नवांशात मीनच, म्हणजे वर्गोत्तम, हे त्याच्या बाजूचं. तरी राश्यंतीच्या ग्रहाच्या भरवशावर फार मोठी इमारत बांधू नये.

म्हणजे भंग आहे, आणि बऱ्यापैकी आहे. पण भंग झाला म्हणून गुरू उच्चीचा होत नाही. त्याचं परमनीच (सर्वात नीच बिंदू) मकर ५ अंशाला, हा त्यापासून दीड अंश पुढे. षड्बलातलं (ग्रहाचं सहा प्रकारे मोजलेलं बळ) उच्चबल काढलं तर ६० पैकी जेमतेम अर्धा. बरं इतकंच की परमनीच मागे टाकून तो उच्चीकडे निघालेला आहे.

माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. राशीस्वामींची साखळी लावून बघा. रवी-बुध धनूत, स्वामी गुरू. चंद्र-मंगळ मीनेत, स्वामी गुरू. शुक्र-केतू वृश्चिकेत, स्वामी मंगळ, म्हणजे पुन्हा गुरू. राहू वृषभेत, स्वामी शुक्र, तिथून मंगळ, तिथून गुरू. आणि गुरू मकरेत, स्वामी शनी. शनी स्वतःच्या घरात. सगळी पत्रिका गुरूच्या ओसरीवर बसलीय आणि गुरू स्वतः शनीच्या घरी भाडेकरू आहे. म्हणून ही युती 'गुरू चांगला अधिक शनी वाईट' अशी बेरीज करून वाचता येत नाही. सूत्रं शनीकडे, मालमसाला गुरूचा. विद्या, व्यवसाय, जोडीदार हे गुरूचे विषय येणार, पण येणार शनीच्या पद्धतीने: उशिरा, नियमाच्या चौकटीत, कष्टाच्या वाटेने. अष्टमामुळे त्यात संशोधन, विमा, वारसा, लेखापरीक्षण, खोदकाम असल्या झाकलेल्या गोष्टींचा रंग.

दृष्टीही बघा. दोघेही द्वितीयाकडे, कर्केकडे पाहतात. शनीची तिसरी दृष्टी दशमातल्या चंद्र-मंगळावर, दहावी पंचमावर. गुरूची पाचवी व्ययातल्या राहूवर आणि नववी चतुर्थावर. दशमावर गुरूची दृष्टी नाही, फक्त शनीची. दशमेश असून आपलं घर त्याला दिसत नाही, ही या पत्रिकेतली खरी उणीव.

---

लग्नी_मिथुन

साखळीचं लक्षातच आलं नव्हतं. मग अष्टकवर्ग (ग्रहाला कोणत्या राशीत किती बिंदूंचा आधार ते मोजण्याची पद्धत) कुठे बसवायचा? की तो फक्त गोचरीला (ग्रहांच्या चालू भ्रमणाला) वापरायचा?

---

बिंदूमोजे

जन्मस्थितीलाही वापरा. युतीतल्या दोन ग्रहांपैकी त्या राशीत कोणाला किती आधार आहे हे कळतं, आणि दोन मिनिटांत होतं.

गुरूच्या भिन्नाष्टकवर्गात (एकट्या गुरूच्या बिंदूंच्या तक्त्यात) मकरेला काय मिळतं बघा. रवीपासून मकर दुसरी: बिंदू. चंद्रापासून अकरावी: बिंदू. मंगळापासून अकरावी: बिंदू. बुधापासून दुसरी: बिंदू. स्वतःपासून पहिली: बिंदू. शुक्रापासून तिसरी, शनीपासून पहिली, लग्नापासून आठवी: तिन्ही शून्य. एकूण ८ पैकी ५.

शनीच्या वर्गात मकरेला रवी, चंद्र आणि मंगळ या तिघांकडून एकेक, बाकी पाचही शून्य. एकूण ३.

सरासरीशी ताडून बघा. गुरूचे एकूण ५६ बिंदू बारा राशींत, म्हणजे राशीला साधारण पावणेपाच. शनीचे ३९, म्हणजे सव्वातीन. तेव्हा नीच गुरू आपल्या सरासरीच्या किंचित वर आणि स्वराशीचा शनी किंचित खाली. वरवर बघितलं तर उलट वाटेल, पण नीचभंगाला दुजोरा देणारी ही एक स्वतंत्र खूण आहे. तिलाही डोक्यावर घेऊ नका. ५ म्हणजे ठीकठाक, ७ नव्हे.

भावेश, एक हरकत नोंदवतो. राहूची नववी दृष्टी धरणारे या युतीवर राहूची दृष्टी सांगतील, कारण वृषभेपासून मकर नववी.

---

भावेश_मंडळी

ती मी मुद्दाम सोडली. राहू-केतूंच्या दृष्टीबद्दल एकमत नाही आणि ती धरली तर प्रत्येक पत्रिकेत तीन-चार स्थानं नासवता येतात. ज्यांना धरायची त्यांनी सगळीकडे धरावी, सोयीने नको.

---

दशानाथ

फळ कधी, याबद्दल कोणीच बोललं नाही. युती कितीही देखणी असली तरी दशा आल्याशिवाय ती बोलत नाही.

चंद्र उत्तराभाद्रपदेत, म्हणून जन्मतः शनी महादशा (आयुष्यातला शनीच्या अमलाखालचा मोठा काळ; त्याचे पोटभाग म्हणजे अंतर्दशा). चंद्र १३ अंशांच्या थोडा पुढे धरला तर १९ वर्षांपैकी शिल्लक साधारण ५ वर्षं. इथे वेळेची चूक किती महाग पडते ते बघा: चंद्राची एक कला म्हणजे शनी महादशेतले साडेआठ-नऊ दिवस, आणि चंद्र एक कला दोन मिनिटांत चालतो. रुग्णालयाच्या कागदावर वेळ दहा मिनिटं इकडेतिकडे असली तर दशा दीड महिना सरकते. रामन अयनांश घेतला तर दोन वर्षांहून जास्त. म्हणून अंतर्दशेची तारीख दिवसापर्यंत सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

शनीत गुरू ही शनी महादशेतली शेवटची अंतर्दशा, २ वर्षं ६ महिने १२ दिवस. ती या मुलाच्या वयाच्या अडीच ते पाच वर्षांत पडते, साधारण २०२३ च्या मध्यापासून २०२५ च्या अखेरीपर्यंत. म्हणजे युती बालपणीच एकदा बोलून गेली. या वयात फळ मुलाच्या कर्तृत्वाचं नसतं, घरातल्या परिस्थितीचं असतं: घर बदलणं, आईवडिलांच्या नोकरीतली उलथापालथ, आजीआजोबांकडे राहणं, द्वितीयावर दोघांची दृष्टी असल्याने कुटुंबाच्या पैशाचा ताण किंवा मिळकतीची वाटणी. पत्रिका पडताळायची असेल तर याच काळात काय घडलं ते विचारा. काहीच घडलं नसेल तर आधी जन्मवेळ तपासा.

याच काळात साडेसातीही सुरू झाली. रास मीन, शनी जानेवारी २०२३ ला कुंभेत आला आणि २९ मार्च २०२५ ला मीनेत. महादशा शनीची, साडेसाती शनीची, सूत्रधार शनी. आईवडील घाबरून येतील, पण जन्मतः स्वराशीचा शनी असताना साडेसातीचं भय सरसकट घालू नये.

पुढे बुध महादशा १७ वर्षं, अंदाजे वयाच्या पाचपासून बाविसापर्यंत. बुध लग्नेश, अस्तंगत, सप्तमात, गुरूच्या राशीत. तिच्या शेवटी बुधात गुरू २ वर्षं ३ महिने आणि बुधात शनी २ वर्षं ८ महिने लागोपाठ येतात. म्हणजे वय सतरा ते बावीस, साधारण २०३८ ते २०४३. शिक्षणाची शाखा आणि पहिली नोकरी, युतीची खरी परीक्षा तिथे. आणि योग असा की पुढची गुरू-शनी युती २०४० ला कन्येत, सुमारे साडेतेवीस अंशांवर होते. ते या लग्नाचं चतुर्थ, जिथे जन्मगुरूची नववी दृष्टी आहे. शाखा बदलणं, गावाबाहेर शिकायला जाणं असं काही त्या सुमारास संभवतं.

गुरूची महादशा मात्र नव्वदीत. ती विसरा.

---

गणितवाला

तुलनेसाठी एक गोष्ट घाला. मकरेतच ही युती याआधी फेब्रुवारी १९६१ मध्ये झाली होती, मकर १°५३' च्या आसपास. तो पहिला नवांश, मकरच. म्हणजे तेव्हा शनी वर्गोत्तम स्वराशीत आणि गुरू राशीत नीच, नवांशातही नीच. २०२० च्या युतीत गुरू निदान नवांशात नीच राशीतून बाहेर आहे. मधली मे २००० ची युती मेषेत, तिथे नीच शनी होता आणि तोही अस्ताच्या उंबरठ्यावर. 'गुरू-शनी युतीचं फळ' असं एका ओळीत सांगणारे या तिघांना एकच फळ देतात.

---

वृषभराणी

याच दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास जन्म असेल तर? लग्न वृषभ येतं.

---

भावेश_मंडळी

ताई, ते प्रकरण बरंच सोपं आहे. वृषभेला शनी एकटाच नवमेश-दशमेश, योगकारक, आणि तो नवमात स्वराशीत. गुरू अष्टमेश-लाभेश, पाहुणा म्हणून आलेला. चंद्र लाभात असल्याने चंद्राची अट लग्नापासून लागत नाही, मंगळाची फक्त चंद्रापासून लागते. पण इथे भंगाची चिंता कमी करा. योगकारक भक्कम आहे, त्याला अष्टमेशाचा डाग लागलाय, एवढं लिहा. वडील, गुरुजन, लांबचे प्रवास यांत अडथळा येऊन मग मार्ग निघणं असं ते दिसतं. तीच युती, तेच अंश, आणि दोन तासांनी अर्थ इतका बदलतो.

---

लग्नी_मिथुन

शेवटचं. शांतीचं काय सांगायचं? पुष्कराज घालायला सांगितलाय कोणीतरी.

---

दशानाथ

पुष्कराज नको. मिथुनेला गुरू मारक आणि बाधक दोन्ही. त्याचं बळ वाढवणं म्हणजे फक्त दशमेशाला बळ देणं नव्हे, त्याच्याबरोबर सप्तमेशही जोरात येतो. नीलम तर मुळीच नाही. अष्टमातल्या अष्टमेशाचं रत्न पाच वर्षांच्या मुलाच्या बोटात कशाला? या वयात बोटं वाढतात, अंगठी दर वर्षी बदलावी लागते, सराफाचं भलं होईल.

गुरू-चांडाळाला (गुरू-राहू युतीला) किंवा अमावास्येच्या जन्माला शांती सांगतात, तशी गुरू-शनी युतीची म्हणून वेगळी ठरलेली शांती मी वापरत नाही आणि सांगतही नाही. आईवडिलांना काही करायचंच असेल तर शनिवारी मारुतीला जावं, मुलाला रोज ठरलेल्या वेळी झोपवावं, उठवावं. शनीला शिस्त आवडते आणि ती फुकट असते.

---

बिंदूमोजे

आणि टिपणात जन्मवेळेपुढे 'चित्रापक्ष' लिहून ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्याने तीच पत्रिका मांडली तर गुरू कुंभ नवांशात की मीन, यावरून पुन्हा हाच धागा निघेल.